पॉवर ऑगर कोणतं घ्यावं? (बर्फावर गरवणाऱ्यांनी मदत करा)

केळशीचा_गरीवाला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

मिनेसोटात हा माझा पाचवा हिवाळा. पहिले दोन गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडण्यात गेले. तिसऱ्या वर्षी शेजारचे आजोबा मला जवळजवळ ओढतच मिल लॅक्स तळ्यावर घेऊन गेले. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं आणि त्यात गळ सोडून बसायचं, हे ऐकून आधी हसूच आलं होतं. पण पहिला वॉलआय मासा वर आला आणि मी बाटलो. केळशीच्या खाडीवर लहानपणी गरवायला बसायचो तेव्हा बोटाला जो हिसका लागायचा, हुबेहूब तोच. फक्त इथे बोटं जाग्यावर आहेत की नाहीत हे अधूनमधून बघावं लागतं.

आता मुद्दा. भोक पाडायला लागतं ते ऑगर. ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी सुताराचं गिरमिट डोळ्यांसमोर आणावं, ते छातीएवढं उंच करावं आणि खाली दोन पाती लावावीत. आजवर आजोबांचं हाताने फिरवायचं ऑगर उसनं आणत होतो. गेल्या उन्हाळ्यात उजवा खांदा धरला, डॉक्टर म्हणाले फ्रोझन शोल्डर. (हसून घ्या, बायकोही हसली.) खांदा आता बरा आहे, पण दीड फूट बर्फात हाताने आठ भोकं पाडणं काही होणार नाही.

आजोबांकडे एक जुनं पेट्रोलवालंही आहे. गेल्या फेब्रुवारीत ते नेलं. उणे १८ फॅरनहाइट होतं. दोरी ओढून ओढून दोघांचे हात गळाले, इंजिनाने एकदा ढेकर दिली आणि गप्प बसलं. शेवटी पलीकडच्या तंबूतल्या एका बाई आपलं ऑगर घेऊन आल्या आणि दीड मिनिटात आम्हाला दोन भोकं पाडून देऊन गेल्या. आजोबा संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

तेव्हा भरवशाचं काय घ्यावं? बजेट साडेचारशे डॉलरच्या आत. एका खेपेला सहा ते दहा भोकं. बहुतेक वेळा घराजवळची तळी, वर्षातून दोनदा मिल लॅक्स. स्नोमोबाइल नाही, सामान स्लेडवर (बर्फावरच्या घसरगाडीवर) घालून स्वतः ओढतो. गॅरेजला हीटर नाही. आणि डिसेंबरअखेर बाबा येताहेत, त्यांना हे सगळं दाखवायचंय, त्यामुळे त्यांच्यासमोर ढेकर देणारं इंजिन नको.


वाटसरू_६१२ | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४१

फ्रोझन तळ्यावर फ्रोझन शोल्डर! वाचनखूण साठवली. मलाही घ्यायचंय आणि मलाही यातलं काही कळत नाही.


सानिका_एम | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

इंडियन ग्रोसरीत फ्रोझन सुरमई मिळते, आणि त्या दुकानात हीटरही असतो. एवढंच नोंदवून खाली बसते.


अण्णा_डुलूथ | १० नोव्हेंबर, सकाळी ६:५०

गरीवाले, आजोबांच्या इंजिनाला नावं ठेवण्याआधी एक सांगा. उन्हाळाभर टाकीत पेट्रोल तसंच होतं ना? बहुतेक वेळा रोग हाच असतो.

इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. ऑगर आठ महिने गॅरेजात पडून राहिलं की कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत चिकट राळ धरते. मग चोक ओढा, दोरी ओढा, देव पाण्यात ठेवा, काही उपयोग नाही. मिनेसोटात बऱ्याच पंपांवर बिनइथेनॉलचं ९१ ऑक्टेन पेट्रोल वेगळ्या नळीतून मिळतं, लोक त्याला नॉन-ऑक्सी म्हणतात. ऑगरमध्ये तेच घालायचं. आणि मार्चमध्ये शेवटची खेप झाली की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. माझं टू-स्ट्रोक २००९ सालचं आहे. दर वर्षी नवा स्पार्क प्लग घालतो, बस्स.

टू-स्ट्रोक म्हणजे काय ते बजाज चेतक चालवलेल्यांना सांगायला नको. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायचं, प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत दिलं असेल तेच, कुठे ४०:१ तर कुठे ५०:१. अंदाजाने ओतू नका. चेतक आडवी करून मग किक मारायचो ना, तसे याचेही नखरे असतात. फोर-स्ट्रोकला मिश्रणाची भानगड नाही, धूर आणि आवाजही कमी, पण वजन जास्त. शिवाय स्लेडवर वेडंवाकडं आडवं पडलं की तेल नको तिकडे जातं, तेव्हा नीट बांधा.

पेट्रोलचा फायदा एकच, पण मोठा आहे. कॅनमध्ये पेट्रोल आहे तोवर दिवसभर भोकं पाडत राहा. ब्रेनर्डला गल तळ्यावर जेसीज क्लबची मोठी मासेमारी स्पर्धा असते, तिथे स्वयंसेवक आधी जाऊन वीस हजारांवर भोकं पाडून ठेवतात. तिथे काय बॅटऱ्या बदलत बसणार?


किलोवॅट | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१५

अण्णा, गरीवाल्यांना दहा भोकं पाडायची आहेत, वीस हजार नाही.

गरीवाले, आधी एक हिशेब करा. लिथियम बॅटरीवरच्या ऑगरचे कारखानदार एका चार्जमध्ये किती इंच बर्फ कापला जातो ते सांगतात. तुमची गरज म्हणजे भोकांची संख्या गुणिले बर्फाची जाडी. डिसेंबरात घराजवळ ८ भोकं, ९ इंच बर्फ, झाले ७२ इंच. फेब्रुवारीत मिल लॅक्सला १० भोकं, २४ इंच बर्फ, झाले २४० इंच. डब्यावरचा आकडा कारखान्याच्या सोयीचा असतो, तेव्हा तो निम्मा धरा आणि मग या २४० शी ताडून बघा. मी पाहिलेल्या बहुतेक यंत्रांत एवढं होऊन बॅटरी शिल्लक उरते. क्रॅपी माशांच्या मागे तळंभर फिरत दिवसाला पन्नास भोकं पाडणारे वेगळे, त्यांना दुसरी बॅटरी लागते.

थंडीचं म्हणाल तर दोन गोष्टी लोक एकत्र करतात. थंडीत बॅटरी *वापरली* तर ती कमी चालते, ऊब आली की परत ठीक होते. पण गोठणबिंदूखाली गेलेली लिथियम बॅटरी *चार्ज* केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो, आणि ते नुकसान कायमचं. तुमच्या गॅरेजला हीटर नाही म्हणून मुद्दाम सांगतोय. तळ्यावरून आलात की बॅटरी घरात न्या, दोन-तीन तास टेबलावर पडू द्या, मग चार्जरला लावा. तळ्यावर जाताना ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, किंवा सहलीच्या कूलरमध्ये गरम पाण्याच्या बाटलीशेजारी. गार ठेवायच्या डब्याने ऊब राखायची.

विजेच्या ऑगरचे आणखी दोन फायदे. बरेचसे उलटेही फिरतात, त्यामुळे भोकातला बर्फाचा चिखल खाली ढकलता येतो. आणि तंबूत बसल्या बसल्या भोक पाडता येतं, धूर नाही. आयऑन नावाचं ऑगर विस्कॉन्सिनमधल्या कंबरलंडची, एस्किमो नावाची ऑगरं काढणारीच कंपनी बनवते. त्यांचं ८ इंची लिथियम २२ पौंडांच्या आसपास भरतं, म्हणजे आडदांड पेट्रोलवाल्यापेक्षा हलकं. पण नवं घ्यायचं तर अशी बरीचशी यंत्रं तुमच्या बजेटच्या वर जातात, हे आधीच सांगून ठेवतो.


केळशीचा_गरीवाला | १० नोव्हेंबर, दुपारी १२:३०

अण्णा, गुन्हा कबूल. आजोबांना विचारलं. टाकीत गेल्याच्या गेल्या वर्षीचं पेट्रोल होतं.

किलोवॅट, हिशेब पटला, पाकीट पटत नाहीये. आणखी एक. ६ इंची घ्यावं की ८? दुकानातला पोरगा १० म्हणत होता.


सुतारपक्षी | १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

दुकानातल्या पोराला ओढायचं नाहीये ना स्लेड.

शाळेतलं गणित आठवा. वर्तुळाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ६ इंचीच्या तुलनेत ८ इंची भोकाला पावणेदोनपट बर्फ कापावा लागतो, १० इंचीला जवळजवळ पावणेतीनपट. तेवढी बॅटरी जास्त, तेवढा वेळ जास्त. सनफिश, पर्च, क्रॅपी ६ इंचातून सहज येतात. पण मिल लॅक्सचा दांडगा वॉलआय किंवा पाइक भोकाच्या तोंडाशी आला आणि डोकं वळवेना झाला, की त्याच्यासकट आपलाही जीव वरखाली होतो. म्हणून तुम्ही ८ घ्या. १० इंची लेक ट्राउट आणि स्टर्जनच्या मागे लागलेल्यांसाठी.

आता खरी गोष्ट. तुमच्या गरजेला तिसरा रस्ता आहे आणि तो कोणी सांगितला नाही. घरात बॅटरीवरचं ड्रिल आहे का? मग नुसतं खालचं ऑगर घ्या, ड्रिलच्या तोंडात बसणारं. दोन्ही मिळून बारा-तेरा पौंड. मी चार हिवाळे हेच वापरतोय, मधे एकदा हात पोळला, ते पुढे येईल.

ड्रिल मात्र भिंतीवर फोटो टांगायचं नको. ब्रशलेस मोटर, १८ किंवा २० व्होल्ट, टॉर्क ७०० इंच-पौंडांच्या वर, बॅटरी ५ अँपिअर-अवर किंवा मोठी. बाजूला आडवा दांडा लागतोच लागतो. गिअर १ वर ठेवायचा, २ वर मोटर तापते. हॅमरचा खटका बंद.

भोक असं पाडायचं. आधी बुटाने भुसभुशीत बर्फ बाजूला करा, पाय फाकवून उभे राहा, ड्रिल छातीसमोर सरळ. सुरुवातीला खोवलेल्या खोबऱ्यासारखा पांढराशुभ्र कीस वर येतो. दाबायचं नाही. ऑगर आपल्या वजनाने जेवढं उतरेल तेवढंच. दाबलंत की पाती रुततात आणि मोटर रडायला लागते. मग आवाज जड होतो, कीस करडा, ओला होतो, आणि पाणी एकदम बुटांवर उसळतं. हाच तो क्षण. खालचा शेवटचा पापुद्रा फुटताना पाती त्यात अडकतात, ऑगर जागच्या जागी थांबतं आणि ड्रिल तुमच्या हातात उलटं फिरतं. आडवा दांडा घट्ट धरलेला असेल तर नुसता धक्का बसतो. नसेल तर मनगट. माझं मनगट तीन आठवडे पट्ट्यात होतं. चूक माझीच, दांडा "उगाच जड" म्हणून घरी ठेवला होता.

पाणी लागलं की ऑगर फिरतं ठेवूनच वर ओढा, चिखल बरोबर वर येतो. उरलेला झाऱ्याने काढा. आम्ही सरळ घरचा पुरीचा जुना झारा नेतो, दुकानातल्या महागड्या झाऱ्यापेक्षा बरा.

आणि एक. हिसक्यांनी ड्रिलचा चक (ऑगर धरून ठेवणारं तोंड) हळूहळू सैल होतो. सुटला तर ऑगर भोकातून थेट तळ्याच्या तळाशी. म्हणून ऑगरच्या दांड्याच्या वरच्या टोकाला भोकापेक्षा मोठी चकती बसवलेलंच घ्या. काहींवर फोमचं कडं असतं, ते पाण्यात तरंगतं. दर दोन भोकांनंतर चक हाताने आवळून बघा.


वाटसरू_६१२ | १० नोव्हेंबर, रात्री १०:१०

पुरीचा झारा. घरी सांगितलंत का?


सुतारपक्षी | १० नोव्हेंबर, रात्री १०:१२

नाही. दिवाळीत कळलं.


ओउलूची_ऋता | ११ नोव्हेंबर, पहाटे २:३५

(फिनलंडहून, इथे सकाळ झालीये.)

तुमच्या यंत्रांची वर्णनं वाचून मजा वाटली. आमच्याकडे बर्फावर उभ्या असलेल्या माणसांत मोटरवालं ऑगर क्वचितच दिसतं. सगळे हाताने फिरवतात, ७५ वर्षांच्या आज्यासुद्धा. कारण साधं आहे, भोकं बारीक असतात, ११० ते १५० मिलिमीटर, आणि मासेही तसेच. पर्चला इथे अहवेन म्हणतात, तळहाताएवढा मिळाला तरी लोक खूश. आखूडशी काठी, एक लहानसा गळ, बसायला स्टूल आणि थर्मास. या प्रकाराला पिल्क्की म्हणतात आणि त्याला इथे परवाना-शुल्क काही लागत नाही, कोणीही करावं. ओउलूसमोर तर आम्ही समुद्रावरच बसतो. बोथनियाच्या आखाताचं पाणी इतकं कमी खारं आहे की समुद्र गोठतो.

हाताचं ऑगर वाईट म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न, पाती शेवटची कधी बदलली होती? धारदार पाती असलेलं स्वीडिश मोरा ऑगर लोण्यात सुरी जावी तसं जातं. बोथट पात्यांनी मात्र खांदे जातात. गरीवालेदादा, तुमच्या खांद्याचं खापर मी आजोबांच्या पात्यांवर फोडते.

पण ८ इंची आणि दोन फूट बर्फ असेल तर मोटर घ्या, मी तिथे वाद घालणार नाही. एक गोष्ट मात्र आमच्याकडची घ्या: नास्कालीत. दोन मुठींचे टोचे, मधे दोरी, गळ्यात अडकवायचे. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर ते काठाच्या बर्फात रोवून स्वतःला वर ओढता येतं. ओल्या मोज्यांनी बर्फाला धरता येत नाही, हे लक्षात ठेवा.


विनिपेगचा_विनू | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

मॅनिटोबातून हजेरी. (आमच्याकडे तुमच्या त्या वॉलआयला पिकरेल म्हणतात.) विनिपेग तळ्यावर बर्फ मीटरभर होतो, तेव्हा लांबी बघून घ्या. नेहमीचं ऑगर वापरात तीन फुटांच्या आसपास खाली जातं, मार्चमध्ये ते पाण्याला टेकतच नाही आणि आपण भोकात डोकावत बसतो. १२ इंचांचा जोडदांडा वेगळा मिळतो. मिल लॅक्सला बहुतेक लागणार नाही.

प्रोपेनवाल्यांबद्दलही कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कॅम्पिंगच्या शेगडीची एक पौंडाची हिरवी टाकी असते ना, तीच लागते. पेट्रोल शिळं होण्याची भानगड नाही, कार्बोरेटरमध्ये राळ नाही, आठ महिने पडून राहिलं तरी चालतं. पण प्रोपेन उणे ४२ सेल्सिअसला उकळतो, त्याच्या जवळ गेलात की टाकीतला दाब पडतो आणि इंजिन धापा टाकतं. आमच्याकडे असे दिवस येतात. टाकी कोटाखाली धरून उबवणारे लोक मी पाहिलेत. वजन मात्र भरपूर. स्नोमोबाइल नसेल तर विचारही करू नका.


अण्णा_डुलूथ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:०५

ड्रिलचं खूळ मला पटत नाही, पण दहा भोकांना चालेल, हे मान्य करतो. नाइलाजाने.

पात्यांबद्दल ऋताताई अर्धं बोलल्या, उरलेलं मी बोलतो. पात्यांचे प्रकार दोन. एक वस्तऱ्यासारखी सपाट, ती बर्फाचे सालपट काढत जातात. नव्या, स्वच्छ बर्फात भन्नाट वेग. पण काल पाडलेलं, रात्री वरून गोठलेलं भोक त्यांनी उघडायला जाल तर ऑगर कडेवर आदळून नाचतं. आणि वाळूचा एक कण लागला की धार गेली. दुसरी दातेरी, ती बर्फ फोडत जातात. वेग कमी, पण जुनी भोकं, मळका बर्फ, गाड्यांच्या वाटेवरची माती, सगळं चालवून घेतात. शबॉयगन फॉल्सच्या जिफी कंपनीच्या ऑगरांचा त्यासाठीच बोलबाला आहे. तुम्ही दर खेपेला नवी भोकं पाडणार असाल तर सपाट घ्या.

सपाट पाती घरी कानशीने घासू नका, कोन बिघडला की ऑगर बर्फावर नुसतं गरगरतं, खाली जात नाही. जोडीनेच नवी आणा. भोक पाडून झालं की ऑगर बर्फावर आपटून साफ करायची लोकांना सवय असते, तीही सोडा. आणि घरी आल्यावर पाती कोरडी पुसून मगच टोपण चढवा.


मानसी_ता | ११ नोव्हेंबर, रात्री ८:४५

पेट्रोल आणि प्रोपेनचं ऑगर बंद तंबूत कधीही चालवू नका, हे कोणीतरी ठळक लिहायला हवं होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तंबूत प्रोपेनचा हीटर लावत असाल तर वरची खिडकी उघडी हवी आणि सोबत बॅटरीवरचा अलार्म हवा.

गरीवाले, बाबांना घेऊन जाणार आहात म्हणून आणखी थोडं. डीएनआरचा (मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा) आकडा चालायला किमान ४ इंच स्वच्छ, नव्या बर्फाचा आहे. पांढरा, बर्फ पडून साचलेला असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि जाडी एकाच ठिकाणी मोजून चालत नाही, झऱ्याजवळ, ओढ्याच्या तोंडाशी ती एकदम कमी होते. डिसेंबर २०२३ मध्ये अप्पर रेड तळ्यावर बर्फाचा मोठा तुकडाच किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावर शंभराहून जास्त माणसं अडकली, त्यांना सोडवून आणावं लागलं. ती सगळी नवखी नव्हती.

पुढे चालणाऱ्याच्या हातात पहार हवी. इथे त्याला स्पड म्हणतात, पण ती पहारच आहे. दर दोन पावलांवर एक घाव. पहार एका घावात आरपार गेली तर आल्या पावली मागे फिरा.


केळशीचा_गरीवाला | १२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ड्रिल + ८ इंची ऑगर, सपाट पाती, चकतीसकट, असं ठरवतोय. घरचं ड्रिल लेचंपेचं आहे, तेव्हा तेही नवं. बायकोला "घरकामाला उपयोगी" म्हणून सांगितलंय. खरेदी झाली की कळवतो.


सानिका_एम | १२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

म्हणजे आता दोन वर्षं रखडलेले पडदे लागणार. वहिनींचं अभिनंदन.


केळशीचा_गरीवाला | २८ डिसेंबर, रात्री ९:४०

वृत्तांत.

ड्रिल, एक जादा बॅटरी आणि ऑगर मिळून ४३८ डॉलर लागले. पडदे लागले.

काल बाबांना घेऊन घराजवळच्या तळ्यावर गेलो. बाबांचं मासेमारीचं ७२ तासांचं लायसन्स काढलं होतं. सकाळी उणे ६ फॅरनहाइट. मानसीताई, पहार बाबांच्याच हातात दिली. त्यांनी इतक्या गांभीर्याने ठोकत वाट काढली की शेजारच्या तंबूतला एकजण बाहेर येऊन बघायला लागला. पहिलं भोक पाडलं, झाऱ्याचा दांडा उतरवून मोजलं, ९ इंच, काचेसारखा बर्फ. बाबा वाकून त्या भोकात बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "भरती किती वाजता?"

तळ्याला भरती नसते हे त्यांना माहीत आहे. सवयीने तोंडातून गेलं. मग आम्ही दोघंही हसलो.

ऑगर म्हणाल तर, सुतारपक्षी, तुमच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं. पहिली दोन भोकं प्रत्येकी अर्ध्या मिनिटात. खांद्याला काही नाही. तिसऱ्या भोकात मधेच मोटर बंद. मला दरदरून घाम, बाबा शांत. कारण सोपं निघालं. घरून निघताना बॅटरी ड्रिललाच लावून स्लेडवर टाकली होती, ती गारठली होती. दुसरी कोटाच्या खिशात होती, ती लावली आणि भोक पुरं झालं. गारठलेली खिशात घातली, तासाभराने तीही चालू लागली. किलोवॅट, घरी आल्यावर ती दोन तास टेबलावर ठेवूनच चार्जरला लावली.

पाचव्या भोकाला पाणी उसळलं, हिसका बसला, दांडा घट्ट धरला होता म्हणून मनगट वाचलं. पण ड्रिल वर उचलतो तर हातात नुसतं ड्रिल. चक सुटलेला. ऑगर भोकात, आणि चकती बर्फावर टेकून शांतपणे बसलेली. तुम्ही लिहिलेलं "दर दोन भोकांनंतर आवळून बघा" मी वाचलं होतं, वाचून सोडून दिलं होतं. आता दर भोकाला आवळतो.

एकूण आठ भोकं. अकरा सनफिश, दोन क्रॅपी आणि एक छोटा पाइक, तो सोडून दिला. पाइक सोडताना बाबांचा जीव तुटत होता. सनफिश रात्री रवा लावून तळले. बाबांचं मत: "चव आहे, पण मिठाला कमी. समुद्र नाही ना."


सुतारपक्षी | २८ डिसेंबर, रात्री ९:५८

तीर्थ नको, सनफिश पाठवा. आणि ड्रिलच्या चकला एक छोटा स्क्रू आतून असतो बऱ्याच मॉडेलांत, तोही बघून घ्या घट्ट आहे का. तो उलट्या आट्यांचा असतो, डावीकडे फिरवला की आवळतो.


वाटसरू_६१२ | २८ डिसेंबर, रात्री १०:०५

मीही हेच घेतो. क्रॅपीचा उच्चार बाबांनी कसा केला?


केळशीचा_गरीवाला | २८ डिसेंबर, रात्री १०:०९

"खरबी". आता घरात तेच नाव.


अण्णा_डुलूथ | २८ डिसेंबर, रात्री १०:२०

चांगलं झालं. बाबांना माझा नमस्कार सांगा. पाती पुसून ठेवली का?


केळशीचा_गरीवाला | २८ डिसेंबर, रात्री १०:३४

आत्ता गॅरेजात जाऊन आलो. नव्हती पुसली. टोपणासकट गोठली आहेत. ऑगर बाथटबमध्ये उभं केलंय, बायको झोपली आहे.